दाराशी दोन इजिप्ती देव

चित्रकलेचा शिक्षक म्हणून तिरोडा तालुक्यात माझं नाव आहे, असं निदान मी तरी सगळ्यांना सांगत असतो. बायको आमच्याच शाळेत इतिहास शिकवते. तिनं प्राचीन इजिप्तच्या एका कोरीव शिळेचा फोटो आणला आणि मी स्टाफरूममध्ये जाहीर करून टाकलं, "संमेलनाला ही शिळा शाळेच्या दाराशी उभी करतो!"

फोटोत डावीकडे देव बसलेला. त्याच्यापुढे दोन्ही हात उचलून एक भक्त उभा, मध्ये भाकरी आणि कमळांचा नैवेद्य, वर पक्ष्यांची चित्रलिपी.

आठवीच्या पोरांनी बोडीतली, म्हणजे शेततळ्यातली, चिकणमाती आणून लादी थापली. फोटो बघून कितीतरी दिवस खिळ्यांनी कोरत बसली.

"सर, याचं तोंड बाजूनं अन् छाती समोरून काऊन?"

"लचक भरली असन," मागून एक पोरगी म्हणाली.

त्या साच्यात मी प्लास्टर ओतलं. माती सोडवली तर शिळा झक्क उठलेली, फक्त उलटी. साच्यातून चित्र आरशासारखं फिरून येतं, हे दरवर्षी मीच शिकवतो. देव उजवीकडे जाऊन बसला होता.

मुख्याध्यापकांनी फोटो शिळेजवळ धरून पाहिला. "सर, सोमवारी पाहुणे येऊन राहिले. कायले हसं करता? ठेवा स्टोअरमध्ये."

माझं हसं रोजचंच. पण दारात उभी पोरं हे ऐकत होती, आणि त्यांच्या नखांत अजून माती होती. मला त्यांच्याकडे बघवेना.

बायको आधी पोटभर हसली. "चूक तुमचीच हाये जी. पण शिळा चूक नाही." मग मुख्याध्यापकांकडे वळली. "ते लोक दोन्ही दिशांनी लिहीत, सर. पक्षी जिकडं पाहतो तिकडून वाचायचं. दाराच्या दोन बाजूंना तर तेच चित्र समोरासमोर कोरत."

"पण आपल्याजवळ एकच हाये न!"

"दुसरी बनवतील. यावेळी उलटं काढा म्हणा, म्हणजे सुलटं येईल."

सुटी असूनही अख्खा वर्ग आला. आता हात बसला होता. सोमवारी दाराच्या दोन्ही अंगांना दोन देव, एकमेकांकडे बघत. आत मंडप रिकामा, पालक सगळे दाराशीच. "हा पक्षी आमच्या पोट्टीनं कोरला," एक बाप येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून दाखवत होता.

मुख्याध्यापक पाहुण्यांना सांगत होते, "जोडीच करायची, असं आमचं पहिल्यापासूनच ठरलं होतं."

मीही छाती काढून मान डोलावली.