बोनेटच्या खालचा देव

धुडकू आप्पा आधी बोनेट उघडत नसत. आधी मालकाला उघडत. गाडी कितीही धापा टाकत आलेली असो, रनाळ्याच्या फाट्यावरच्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये मालकाने प्रथम उलट्या क्रेटवर बसायचं आणि विचारलेल्याची उत्तरं द्यायची. त्रास कधीपासून? गार असताना की तापल्यावर? शेवटचा हात कोणाचा लागला? हा शेवटचा प्रश्न विचारताना आप्पा चष्मा कपाळावर सरकवत आणि थेट डोळ्यांत बघत. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांपुढेसुद्धा इतका घामाघूम झालो नव्हतो.

"गाडी खोटं बोलत नही, बापू," ते म्हणायचे. "मालक बोलस."

नावाची गोष्ट ते स्वतःच रंगवून सांगत. आधीची दोन भावंडं गेली, म्हणून हे जन्मल्यावर नजर लागू नये यासाठी आईने त्यांना घटकाभर उकिरड्यावर ठेवलं, उचललं आणि नाव ठेवलं धुडकू. "यम उना व्हता," आप्पा सांगायचे, "पन वास घिसन वापस गया." पुढे जन्मभर ग्रीस, पेट्रोल आणि तंबाखू यांच्या जोरावर त्यांनी तो वास टिकवून ठेवला होता.

माझी पिकअप म्हणजे तालुक्यातल्या शेवटच्या कार्बोरेटरवाल्या पेट्रोल गाड्यांपैकी एक. मिरचीची पोती वाहून वाहून तिच्या हौद्याला असा खाट सुटतो की मागे बसलेला पाहुणा नंदुरबारला पोचेपर्यंत रडत असतो, आणि लोकांना वाटतं आमच्या घरात फार माया आहे. सुमनचं, म्हणजे माझ्या बायकोचं, म्हणणं एवढंच की या पैशात म्हैस आली असती, आणि म्हैस निदान एका हाकेत उठते. आप्पांनी मात्र तीस वर्षं ही गाडी चालती ठेवली. त्यांची एकच अट होती, आणि ती दर दसऱ्याला ते सगळ्या गिऱ्हाइकांना बजावत: "हार घाला, नारळ फोडा, काय करनं ते करा. पन बोनेटना वर देव, बोनेटना खाले मी."

तर त्या दसऱ्याला मी बोनेटच्या खाली गेलो.

विहिरीच्या मोटरचा पाइप लावून गाडी धुतली, भक्तीच्या भरात इंजिनही धुतलं. सुमनने वर झेंडूची माळ घातली. एवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मला आठवलं, आप्पा एकदा म्हणाले होते की प्लगांना करंट वाटणारी ती काळी टोपी, डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे गाडीचं काळीज. मग काळजाचीच पूजा का नको? कुंकू खोबरेल तेलात कालवलं आणि टोपीवर, त्या चार वायरींच्या खांबांच्या मधोमध, ठसठशीत स्वस्तिक काढलं. वर नारळाचं पाणी शिंपडलं.

"आप्पांना विचारलंत?" सुमनने विचारलं.

"देवाला विचारलंय," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी गाडीला हिवताप भरला. रेस दिली की कशीबशी धावायची, पण फाटकाशी थांबवून पाय काढला की आरशासकट थडथडायची. मी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. त्यातला माणूस कार्बोरेटरचे दोन स्क्रू हळुवार फिरवून गाडीला मांजरीसारखी घुरघुरायला लावत होता. मीही फिरवले. माझी मांजर तिथल्या तिथे गेली. मग मात्र मला आप्पांचा चष्मा आठवला, आणि मी पेट्रोलच्या फडक्याने ते स्वस्तिक चांगलं चोळून पुसलं. पुरावा नष्ट करून, जावयाच्या ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी फाट्यावर नेली.

"शेवटचा हात कोना?"

"ड्रायव्हरचा असेल, आप्पा."

आप्पांना माहीत होतं की मला ड्रायव्हर नाही. त्यांनी कार्बोरेटरकडे पाहिलं आणि हसले. "तुन्हा ड्रायव्हरनी हिना कान धरेल शे." दोन्ही स्क्रू अलगद आत बसवले, मोजून मागे घेतले, आणि गाडी सुरू झाली. पण थडथड तशीच. आता त्यांना वाटलं की कान पिळण्यापलीकडे मी काही केलेलं नाही. मीही तसंच वाटू दिलं.

एकेक वायर काढून त्यांनी पाहिलं. तिसरी आणि चौथी काढली की इंजिन कण्हायचं. पहिली-दुसरी काढली तर त्याला पत्ताच नसायचा. म्हणजे चारातले दोन सिलिंडर फुकट बसलेले. प्लग बदलले, वायरी बदलल्या, काळी टोपी काढून पुसली, पॉइंट घासले, कंडेन्सर नवा टाकला. कुठून हवा ओढते का म्हणून सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं. कार्बोरेटर उघडून त्याचे बारके जेट फुंकून फुंकून साफ केले. चार दिवस गेले. फाट्यावरचा चहावाला सुद्धा सल्ला द्यायला लागला. एरवी अशा माणसाची आप्पांनी सात पिढ्यांसकट वासलात लावली असती. ते गप्प राहिले. आप्पा गप्प बसलेले मी प्रथमच बघत होतो, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

त्यातच त्यांचा मुलगा जगदीश सुरतहून आला. साड्यांच्या दुकानात मॅनेजर, स्वभावाने गरीब. आई गेल्यापासून दोन वर्षं तो बापाला 'चला, चला' म्हणत होता. आप्पांचं त्यावर एकच उत्तर होतं, आणि ते साऱ्या फाट्याला पाठ होतं: "ज्या दिन एक बी गाडी मन्हा हातमाईन तशीच वापस जाई, त्या दिन मी सुरतले येसू." तीस-पस्तीस वर्षांत तशी गेली नव्हती. आता जायची ती माझी जाणार होती. जगदीशने शेडमध्ये चहा मागवला आणि म्हणाला, "सावकाश करा, बाबा. काही घाई नाही." हे त्याने इतक्या प्रेमाने म्हटलं की आप्पांच्या हातातला पाना खाली पडला.

त्या संध्याकाळी मी घरी सुमनला सगळं सांगितलं.

"मग सांगून टाका ना त्यांना."

"लोक हसतील."

"आत्ता काय करतायत?"

सकाळी मी आपण होऊन क्रेटवर जाऊन बसलो. "आप्पा, शेवटचा हात माझा." स्क्रू, पाइप, खोबरेल, कुंकू, फडकं, सगळं ओकलो. जगदीश तोंड फिरवून हसू दाबत होता.

"कुंकू? मन्हा बोनेटखाले, कुंकू?"

पुढची पाच मिनिटं छापण्यासारखी नाहीत. त्यात माझे वडील आले, माझ्या शाळेचे गुरुजी आले, गणपती तेवढा वाचला. मला मात्र इतकं बरं वाटलं! चार दिवसांनी आप्पा परत बोलायला लागले होते.

शिव्या संपल्यावर त्यांनी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, बाहेर उन्हात नेली. चष्मा वर केला, खाली केला. टोपी फिरवली, फडक्याने पुसली, पुन्हा फिरवली. मग माझ्या हातात दिली. "देख बरं. पहिला नि दुसरा खांबसना मझार रेघ शे का?"

होती. केसाएवढी काळी रेघ, पेन्सिलीने ओढावी तशी. ओल्या तेलकट कुंकवावरून करंटने सोपी वाट धरली होती आणि जाता जाता ती वाट जाळून पक्की केली होती. प्लगापर्यंत जायच्या ऐवजी ठिणगी वरच्या वरच खेळत होती. मी पुसला तो फक्त रंग. आप्पांनी पत्र्याच्या डब्यातून एक जुनी टोपी शोधून बसवली, चावी फिरवली, आणि इंजिन असं काही लागलं की बोनेटवर ठेवलेल्या चहात तरंग उठेना.

"बघ जगदीश!" मी जिंकल्यासारखा ओरडलो. "गाडी तशीच परत गेली नाही!"

जगदीश मान डोलावून हसला. आप्पा हात पुसत होते.

"गई नही," ते म्हणाले. "पन रेघ कोनले दिसनी?"

"तुम्हीच तर सांगितलंत कुठे बघायचं ते."

"चार दिन ती टोपी मन्हा हातमा व्हती, बापू. चार येळ मी ती पुसी. आज तू सांगी दिधं, तरी बी माले दिसनी नही." फडकं त्यांनी नीट घडी करून खिळ्याला अडकवलं. मग मुलाकडे वळले. "दिवाळी व्हवू दे. मंग ये माले लेवाले."

दोन वर्षं मागे लागलेला जगदीश एकदम गडबडला. "नाही, म्हणजे… बाबा, अजून एक वर्ष थांबलात तरी चालेल."

"चूप. परत थांबा म्हनू नको, नहीतर मी हो म्हनसू."

मी कबुली दिली ती त्यांचं गॅरेज वाचावं म्हणून. घरी येऊन सुमनला हे सांगितलं तेव्हा ती माझ्यावर हसली नाही. तिने नुसतं पाणी आणून दिलं. बरंच वाईट झालंय, हे मला तेव्हा कळलं.

भाऊबीज झाली आणि आप्पा सुरतच्या गाडीत बसले. स्टेशनवर चढण्याआधी डब्याखाली वाकून त्यांनी काहीतरी ऐकलं आणि खिडकीतल्या माणसाला सांगितलं की ब्रेक घासतोय, सांभाळून बसा. तो माणूस डबा बदलून गेला. आप्पांना खिडकी मिळाली.

आठवड्याने रविवारी फोन आला. "गाडी चालू कर. फोन बोनेटजोडे धर." मी धरला. सुमन ओट्यावरून बघत होती, शेजारची दोघं-तिघं जमली होती, आणि मी अंगणात पिकअपला फोनवर बोलायला देऊन उभा होतो. मिनिटभर, दोन मिनिटं. मग फोनमधून आवाज आला, "बास. बंद कर, पेट्रोल जयी ऱ्हायनं."

मी चावी फिरवली. फोन कानाला लावला तर आप्पांनी ठेवलेला नव्हता. पलीकडे कुठेतरी लिफ्टचं दार उघडलं, मिटलं.

"आते तू सांग," ते म्हणाले. "घर कसं शे? मिरची कशी शे? सुमन बरी शे ना?"

तीस वर्षांत त्यांनी मला गाडीखेरीज काहीही विचारलेलं नव्हतं. मी बोनेटला टेकलो. ते अजून गरम होतं. मिरचीपासून सुरुवात केली.