चौथं शील

बाबांचा पांढरा सदरा हा आमच्या घरातला एक नाजूक विषय आहे. बाबांना कुणाचं लग्न लावायचं असलं की आदल्या दिवशी आई तो भाताच्या पेजेत बुडवून काढते, सावलीत वाळवते, थोडा दमट असतानाच इस्त्री करते आणि हँगरला लावून दारामागे टांगते. मग दुसऱ्या दिवसापर्यंत त्या दाराला कुणी हात लावायचा नाही. लहानपणी मी एकदा लपंडाव खेळताना त्या दारामागे लपले होते, तर आईनं मला कानाला धरून बाहेर काढलं होतं.

बाबा बौद्धाचार्य आहेत, म्हणजे आमच्या समाजातली लग्नं लावतात. पोटासाठी हिंगण्याच्या एका कारखान्यात शिफ्टा केल्या आणि सुटीच्या दिवशी लग्नं लावली. आता निवृत्त झाल्यावर तर लग्नसराईत ते सापडतच नाहीत. लग्नाची सुरुवात ते त्रिशरण आणि पंचशीलानं करतात. एकेक शील ते पालीत म्हणतात आणि वधूवर, वऱ्हाडी, सगळे हात जोडून त्यांच्यामागून म्हणतात. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, असं करत पाच. चौथं खोटं न बोलण्याचं. "आपण लोकायले शीलं द्याले उभं राहतो, अंगावरचा कपडा तरी साफ पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. साफ म्हणजे नुसता धुतलेला नाही, एकही सुरकुती नसलेला.

गेल्या डिसेंबरात भिवापूरला माझ्या मामाच्या मुलीचं लग्न होतं आणि ते अर्थातच बाबा लावणार होते. गाडी माझी, चालवणार मी. पुढे बाबा, मागे आई. सकाळी साडेसहाला निघालो तेव्हा नागपुरातच थंडीनं बोटं आखडली होती, आणि दिघोरीच्या पुढे धुकं इतकं दाट होतं की समोरच्या गाडीचे दिवे तेवढे दिसायचे.

गाडी सुरू केली की पट्टा न लावणाऱ्याच्या नावानं ती पींपीं करते. बाबांनी पट्टा हातात धरून ठेवला होता. "हा लावला का सदऱ्यावर तिरपी रेघ पडते," ते म्हणाले. "तिथं उभं राह्यलो का सगळ्यायले तेच दिसते."

पींपीं चालूच. मला उशिराची भीती होती, धुक्याची होती, त्यात हा आवाज. मी वैतागले. गाडी बाजूला घेतली, त्यांना पुढे वाकायला लावलं, पट्टा त्यांच्या पाठीमागून ओढला आणि खटकन अडकवला. आवाज बंद. "घ्या, आता तुमचा सदरा आणि तुम्ही दोघंही खुशाल बसा," असं काहीतरी मी म्हणाले. बाबा हसले. मी शाळेत शिकवते आणि रस्ता सुरक्षेवरची चित्रकला स्पर्धा दरवर्षी मीच घेते, हे इथं सांगून टाकलेलं बरं.

उमरेड मागे पडलं. उजेड झाला तरी धुकं हटेना. आई मागून म्हणाली, "हळू चालव वं, धुवारी लय आहे." मी हळूच चालवत होते, म्हणजे मला तसं वाटत होतं. आणि अचानक समोर एक पिवळट भिंत उभी राहिली. तणसानं, भाताच्या पेंढ्यानं, भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली होती, मागे दिवा नाही की लाल फडकं नाही. मी ब्रेक दाबला, स्टेअरिंग उजवीकडे ओढलं. डावी बाजू ट्रॉलीच्या कोपऱ्यावर आदळली आणि गाडी फिरून पलीकडच्या कडेला नालीत जाऊन टेकली.

माझ्यापुढे एअरबॅगचा फुगा उघडला होता. आमच्या गाडीत तो चालवणाऱ्यापुरताच आहे. बाबांपुढे काही नव्हतं.

मागून आईचा आवाज आला म्हणून मी आधी मागे वळले. तिची भुवई फुटली होती, रक्त डोळ्यात उतरत होतं, आणि "मले काही नाही झालं, बाबाले पाह्य," असं ती म्हणत होती. बाबा दार उघडून बाहेर उभे होते. डावा हात बरगडीवर. चेहरा पांढरा, सदराही तसाच पांढरा, कुठे डाग नाही, सुरकुती नाही. त्यांनी सदऱ्यावरून हात फिरवून काचेचे दोन-चार कण झटकले.

"लागलं का बाबा?"

"नाही. अवं, आईचं पाह्य आधी."

ट्रॅक्टरवाला धावत आला. बिचारा माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता, "बाई, माही चूक झाली, माही चूक झाली," म्हणत आईच्या कपाळावर स्वतःचा दुपट्टा दाबून धरत होता. मी त्याच्यावर ओरडले, खूप ओरडले. आज वाटतं, त्याच्यावर ओरडणं सोपं होतं म्हणून.

एका दुधाच्या गाडीनं आम्हाला वाटेतल्या दवाखान्यात सोडलं. आईला चार टाके पडले. डॉक्टर तरुण होते, नीट होते. आईचं झाल्यावर ते बाबांकडे वळले. "काका, तुम्ही पुढे होते ना? बेल्ट लावला होता?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण बाबा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "होता."

"पोटात दुखते? छातीत?"

"खांदा थोडा ओढल्यासारखा वाटते. डावा. बाकी काही नाही."

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. बाबांनी डोळे मिटले, पण हूं की चूं केलं नाही. "बेल्ट होता म्हणून वाचले. तरी काही वाटलं तर थांबू नका, तडक नागपूरला जा," असं सांगून ते दुसऱ्या पेशंटकडे गेले. मी गप्प राहिले. बाबा ते खोटं माझ्यासाठी बोलले हे मला त्याच क्षणी कळलं होतं. 'माझ्या मुलीनं पट्टा पाठीमागून अडकवला,' हे त्यांना परक्या माणसासमोर सांगायचं नव्हतं. आणि मला ते तेवढं सोयीचं वाटलं, याची लाज मला आजही वाटते.

मामानं गाडी पाठवली. मी म्हटलं, परत जाऊ या. बाबा म्हणाले, "पोरगी तिकडं हार घेऊन उभी राहीन आन् मी घरी जाऊ? काहून? मी चालून राहिलो, बोलून राहिलो." आईनंही "जाऊन येऊ, मंग दाखवू" म्हटलं. तिच्या भावाच्या घरचं लग्न होतं. मी दोघांच्या मध्ये बसले आणि भिवापूर येईपर्यंत बाबांचा श्वास ऐकत राहिले. तो नेहमीपेक्षा लहान वाटत होता. मग वाटायचं, माझाच कान खोटा. मग पुन्हा ऐकायचे.

मांडवात आमच्याभोवती गर्दी झाली. आईच्या पट्टीकडे पाहून बाया हळहळल्या, आणि बाबांकडे पाहून जो तो एकच म्हणे, "भाऊजी, तुमाले तर काहीच नाही झालं! सदरा पाह्य कसा कडक आहे!" बाबा हसायचे. गावात मिरचीचे दिवस होते. मांडवाच्या मागेच कुणाच्या तरी अंगणात ढीगच्या ढीग लाल मिरची वाळत होती आणि वाऱ्याची झुळूक आली की अख्ख्या मांडवाला ठसका लागायचा. बाबांनाही लागला. सगळे खोकत होते, पण खोकताना खाली वाकणारे ते एकटेच होते. त्यांनी बरगडी धरली, खुर्चीची पाठ धरली आणि सावकाश सरळ झाले.

"बाबा, चला. आत्ता चला."

"पंधरा मिनिटं, बाई. पंधरा मिनिटांचं तर काम आहे."

"मी डॉक्टरांना खरं सांगायला हवं होतं."

"आता ते नको काढू. आईले माहीत नाही, मागून तिले दिसलं नसन. तिच्यासमोर तर बिलकुल नको."

ते मंचावर गेले. मूर्तीपुढे मेणबत्त्या लावल्या. वधूवर पांढऱ्या कपड्यांत, हात जोडून. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि माझं त्या दोघांकडे लक्षच नव्हतं. बाबांच्या कपाळावर घाम होता. डिसेंबरात, लोक स्वेटर घालून बसले होते तिथे. ओठांचा रंग गेला होता. त्रिशरण झालं. पहिलं शील झालं, दुसरं झालं. आवाज बारीक होत चालला होता. माईक होता म्हणून मागच्यांना कळत नव्हतं, पण मला कळत होतं. तिसरं झालं. सगळा मांडव त्यांच्यामागून बोलला आणि चौथ्यासाठी थांबला.

बाबा बोलेनात.

लोकांना वाटलं, श्वास घेताहेत. दोन सेकंद, चार सेकंद. वधू मान वर करून पाहायला लागली. बाबांचे ओठ हलत होते, शब्द बाहेर येत नव्हता, आणि ते माझ्याकडे पाहत होते. दुखण्यानं आवाज अडला होता की खोटं बोललेल्या तोंडून ते शील निघेना, मला ठाऊक नाही. मी त्यांना पुढेही कधी विचारलं नाही. पण मी उभी राहिले आणि भर मांडवात किंचाळले, "त्यांनी पट्टा लावला नव्हता! पट्टा नव्हता, मामा, त्यांना आत लागलंय, गाडी काढ!"

अर्ध्या मांडवाला मी काय बोलतेय तेच कळलं नाही. मामाला मात्र कळलं. त्यानं बाबांना खाली पडता पडता धरलं.

परतीचे सत्तर किलोमीटर मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. बाबांचं डोकं आईच्या मांडीवर. त्यांचे पाय माझ्या मांडीवर, बर्फासारखे गार. धुकं उडून गेलेलं, लख्ख ऊन, आणि त्या लख्ख उन्हात नालीत तिरपी उभी असलेली आमची गाडी बाजूनं गेली. मी दर मिनिटाला "बाबा" म्हणायचे आणि ते "हूं" म्हणायचे. उमरेडच्या पुढे एकदा ते "हूं" म्हणाले नाहीत. आईनं त्यांच्या गालावर चापट मारली तेव्हा म्हणाले.

नागपुरात पोचल्यावर तिथल्या डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. मी त्यांचं वाक्य पूर्णही होऊ दिलं नाही. "नव्हता. मीच पाठीमागून अडकवला होता." त्यांनी मान हलवली, रागावले वगैरे नाहीत. नर्सनं कात्री घेतली आणि बाबांचा सदरा खालपासून गळ्यापर्यंत सरळ कापला. खळ दिलेलं कापड कापताना करकर आवाज येतो, हे मला त्या दिवशी कळलं. डाव्या बाजूला हिरवंनिळं झालेलं होतं. आतली प्लीहा फाटली होती, पोटात रक्त साचत होतं. लगेच ऑपरेशन.

बाहेर बाकावर आई आणि मी. तिच्या मांडीवर तो कापलेला सदरा होता, तिनं सवयीनं घडी घातलेला. मला वाटलं, आता हिला सांगावंच लागेल. मांडवात मी ओरडले ते गोंधळात तिला नीट कळलं नसेल.

"आई, पट्टा मी..."

"मले माहीत आहे."

मी तिच्याकडे पाहिलं.

"मागं बसून मले काय दिसत नव्हतं? तू गाडी थांबोली, त्यायले वाकोलं, सगळं पाह्यलं मी. इस्त्री मी केली होती वं. मले बी वाटलं, राहू दे, सदरा साफ राहीन." तिनं घडी पुन्हा मोडली, पुन्हा घातली. "मंग त्या डॉक्टरनं इचारलं. हे होता म्हणाले, तू गप्प. मी बी गप्प राह्यली."

मग आम्ही दोघी रडलो. एकमेकींना धरून वगैरे नाही, शेजारी बसून, आपापलं.

बाबा वाचले. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. त्या 'थोड्या'चा हिशेब मी मनात किती वेळा केला असेल. दवाखान्यात थांबलो तो वेळ, मांडवात हसून बोलण्यात गेला तो वेळ, ती पंधरा मिनिटं. अजूनही करते.

चौथ्या दिवशी नवरा-नवरी वॉर्डात भेटायला आले. मामेबहीण रडायला लागली. बाबांच्या नाकात नळी होती, आवाज खोल गेलेला. त्यांनी तिला एकच विचारलं, "मंग चौथं आन् पाचवं कोणी देल्लं?"

ती नवऱ्याकडे पाहायला लागली. तो म्हणाला, "काका, सगळी धांदल झाली. एका आजोबांनी थेट प्रतिज्ञा घ्याले लावल्या आणि हार घातले. ते दोन... राहूनच गेले."

बाबांनी खाटेच्या कडेला हात टेकवून वर सरकायचा प्रयत्न केला. मी "पडून राहा" म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. आईनं पाठीमागे उशी दिली. अंगावर दवाखान्याचा हिरवा गाऊन होता, सगळा चुरगळलेला, मानेपाशी नाडी सुटलेली. त्यांनी हात जोडले. नवरा-नवरीनं जोडले. आईनं जोडले, कपाळावर पट्टी तशीच. मीही जोडले.

बाबांनी चौथं शील म्हटलं, हळू, तुटक, पण पूर्ण. ती दोघं त्यांच्यामागून म्हणाली. आई म्हणाली. मी सुरुवात केली आणि पहिल्याच शब्दावर अडले.

बाबा थांबले. माझं म्हणून होईपर्यंत त्यांनी पाचवं सुरू केलं नाही.