हुकूमपानचे तीन मालक

चंद्रभान म्हनजे माह्या लहान बहिणीचा नवरा. जवाई म्हून आजवर त्याले 'तुमी' म्हनत आली, पन त्याची गोष्ट सांगाची तं जीभ तिकडे वळत नाई. मी देवकाबाई. पिपरी मेघेत राहते, अंगनवाडीतून रिटायर झाली. पहिलेच सांगून ठेवते, मी काही त्याची आरती ओवाळाले बसली नाई.

सिंदी मेघेत त्याचा कॉम्प्युटर क्लास होता. चालत होता असं तोच म्हने. माही बहीन नंदिनी, आमची नंदा, लग्न करून त्या घरी गेली. आमी दोघी सेलूच्या, अन् आमच्याकडे मेंढीकोटाचं भलतं वेड. चार जनं बसाचं, समोरचा तो आपला भिडू. दश्शीले मेंढी म्हनाचं, अन् जी जोडी जास्त मेंढ्या मारन ती जिंकली. सिंदी मेघेत नंदाले खेळाले मानसंच भेटेत ना. तोंड पाडून बसे बिचारी. म्हून २०११ मधी या मानसानं तिच्यासाठी साइट बनवली, नाव ठेवलं हुकूमपान. नंदा नियम सांगे, हा टाइप करे. खरं बोलाचं तं तेवढं एक काम त्यानं जीव लावून केलं. पुढं सेलूचे, हिंगणीचे, नागपूरले नोकरीवर गेलेले, सगळे संध्याकाळी तिथंच. पैज नाई, काही नाई, नुसतं एकमेकाइले शिव्या घालनं.

आता सेलूची एक रीत सांगते. आमच्या टोळीतला खेळनारा मेला तं तेरवीपर्यंत त्याच्या जागी पानं वाटतात, पालथी ठेवतात. कोनी उचलत नाई. साइटवरचा पहिला मानूस गेला तो नत्थूकाका. नंदा म्हने, तेरवी झाली तरी काकाचं नाव पुसाचं नाई. पन साइट अशी होती का सहा महिने कोनी आलं नाई तं नाव आपोआप जाये. मंग चंद्रभाननं काकाच्या नावाले आतून खूण लावून देल्ली का हे कधीच पुसाचं नाई, अन् यादीत समोर दिव्याचं चित्र. पुढं जो गेला त्याले तशीच खूण, तसाच दिवा. पन ही खूण काऊन लावली हे त्या शहान्यानं कुठं लिहून ठेवलं नाई. सगळ्याइले माहीतच होतं, मंग लिहाचं कोनासाठी? हा डोक्यातच ठेवून बसला.

२०१७ मधी नागपूरच्या एका जाहिरातवाल्यानं अर्धी साइट घेतली. तो दुसरा मालक. पानं वाटता वाटता मधीच फरशी पुसाच्या औषधाची जाहिरात! लोक बोंबलले, पन टिकले. मंग कोरोना आला. घरात कोंडलेला अर्धा जिल्हा हुकूमपानवर, अन् दुसऱ्या लाटेत यादीतले दिवे वाढत गेले. एप्रिलमधी नंदा गेली. तिच्या नावासमोरचा दिवा चंद्रभाननंच लावला.

अन् त्याच दिवाळीत या गड्यानं साइट इकली. नागपूरवाल्याचा हिस्सा अन् याचा, सगळं गुडगावच्या कंपनीले. मी विचारलं, काऊन? तं म्हने, "बाई, मले ते उघडवत नाई." बायको गेलेल्या मानसाले काय बोलाचं? कंपनीनं पैशाचा खेळ लावला तवा मी तिथं खेळनंच सोडून देल्लं. गेल्या साली ऑगस्टात कायद्यानं पैशाचे खेळ बंद झाले, तशी कंपनी झक मारत फुकटच्या डावावर आली.

हे ऐकून मी संक्रांतीच्या आठवड्यात दुपारी मोबाइलवर हुकूमपान उघडलं. टेबल मिळालं. समोर भिडूच्या जागी नाव, 'नंदिनी सेलू'. अन् तिनं चौकटची सत्ती टाकली.

माय वं! माह्या हातातून मोबाइल पडला. तशीच चपला घालून ऑटोत बसली अन् सिंदी मेघे गाठलं. पाहते तं हा खाटेवर बसून मोबाइलवर खेळून राह्यला. वाकून पाह्यलं. याचाही भिडू नंदिनी सेलू.

"हे काय होय?" मी म्हटलं.

"मशीन होय, बाई. कंपनीले खाली टेबलं भराची होती. आपली दिव्यावाली नावं कधी खेळाले येत नाई, अन् पुसल्याही जात नाई. कंपनीतल्या पोराइले वाटलं, ही तपासाले ठेवलेली खोटी नावं असतीन. त्याइच्या मागं मशीन बसवली."

"तुमाले कवापासून माहीत?"

यानं आधी पान टाकलं. मंग म्हने, "चार महिने झाले."

आयुष्यात पहिल्यांदा मी जवायाले तू-तडाक केलं. "लाज वाटते का बे तुले? माही बहीन मेल्यावर बी कंपनीच्या दारात राबून राह्यली, अन् तू तिच्यासंग पत्ते कुटत बसला?"

"नाव दिसते ना समोर, बाई. बस, तेवढं नाव दिसते."

"ते नाव तूच इकलं!"

"मी साइट इकली. नावंही इकल्याच्या कागदात होती, मी कागद वाचला नाई."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः कंपनीले फोन लावला. तिथल्या पोरीनं हिंदीत लय गोड बोलून सांगितलं का घरच्यानं फॉर्म भरावा, मृत्यूचा दाखला लावावा, नाव निघून जाईन. नंदासाठी नवऱ्याची सही पाह्यजे. मी फॉर्म काढून त्याच्यापुढं आपटला. त्यानं तो खाटेखाली सरकवला. म्हने, "ती गेली तवा माह्या हातात काही नव्हतं. आता माह्या हातानं नाई काढनार." मी तोंडाले येईन ते बोलली, त्याच्या आईबापाचाही उद्धार केला. तो ढिम्म! बारा दिवस मी त्या घराची पायरी चढली नाई, तिळगूळ बी धाडला नाई.

तेराव्या दिवशी, रविवारी सकाळी, मीच गेली. म्हटलं, एक डाव खेळू. तुमी तुमच्या नंदासंग, मी इरुद्धच्या जोडीत, कोनीही भिडू चालन. तो लगेच तयार झाला, डोळे चमकले मेल्याचे. मले आनखीनच राग आला.

खेळ रंगात आला अन् चंद्रभाननं बदामचा एक्का टाकला. हात त्याचाच होता. नंदिनी सेलूजवळ बदाम नव्हतं. अशा वेळी भिडूनं दुसरी एखादी मेंढी त्या हातात सोडाची, ती आपल्याच घरात येते. हे सेलूच्या शेंबड्या पोरीले बी समजते. पन तिनं हुकूम मारला. आपल्याच भिडूचा हात कापला.

"नंदे, माहाच हात काऊन कापते वं!" हा ओरडला.

मंग त्यानं मोबाइल मांडीवर ठेवला. त्यात वेळ संपत चालला होता, पन यानं पान टाकलंच नाई.

"चार महिन्यांपासून असंच कापते," तो म्हने. "मी म्हनतो, जाऊ दे, तिचं ध्यान नसन."

"ध्यान?" मी म्हटलं. "नंदानं तुह्या एक्क्यावर कधी हुकूम मारला होता का? सांग ना!"

तो रडला. मी पाठीवर हात ठेवला नाई, खोटं काऊन सांगू? फॉर्म खाटेखालून ओढला, धूळ झटकली अन् पेन देल्ला. त्यानं सही केली एकदाची.

"आता बाकीचे चाळीस दिवे," मी म्हटलं.

"ते त्याइच्या घरचे पाहतीन, बाई."

"घरच्याइले सांगन कोन? तुहा गुडगावचा मालक?"

सोमवारच्या बसनं मी त्याले सेलूले नेलं. मदत कराले नाई गेली मी, त्यानं एक बी घर चुकवू नये म्हून गेली. पहिलंच घर पुंडलिकरावचं. ते कोरोनात गेले. त्याइची बायको विमलाबाई अंगनात तूर पाखडत होती. चंद्रभाननं खालमानेनं सगळं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"म्हनजे माहा मानूस रोज तिथं बसून राह्यला? त्याले कोनं बसवलं?"

मले वाटलं, हा आता कंपनीचं नाव घेईन. घेतलं असतं तं मी तिथंच त्याच्या थोबाडात देल्ली असती.

"मी इकलं त्याइले, वहिनी," चंद्रभान म्हने. "माह्या बायकोलेही इकलं. कागद वाचला नाई."

विमलाबाई आत गेली, पेटीतून दाखला काढून आनला, फॉर्मवर सही केली अन् दोन्ही कागद त्याच्या अंगावर फेकले. म्हने, "कोरोना तुले काऊन नाई झाला रे?"

त्यानं अंगनातले दोन्ही कागद उचलले, तुरीचा भुसा झटकला, पिशवीत ठेवले. "झाला होता, वहिनी," तो म्हने. "नंदाले माह्यापासूनच लागला."

हे मले बी माहीत नव्हतं. तो चपला घालून पुढच्या घराकडे निघाला, अन् मी त्याच्या मागं मागं गेली.