चिनी गव्हर्नर आणि आमची खोली

सहा म्हाताऱ्या रोज दुपारी एका खोलीत बसल्या, की किस्से उसातल्या तणासारखे वाढतात. उपटावेत तेवढे पुन्हा. सणसरच्या पुढं आमचं गाव, तिथल्या वाचनाच्या खोलीतले हे काही. तुम्ही हसा. शेवटच्याला मला हसू येत नाही.

*

शाळा मी बाहेरूनच पाहिली. भेळीच्या कागदावरची अक्षरं लावत वाचायला शिकले. म्हणून मोठ्यानं वाचायचा मान माझा, तो मी कुणाला देत नाही. खोली मिळवून दिली सुमननं, सरपंच असताना. तिचा फोटो भिंतीवर मीच लावला.

*

एकदा चीनच्या एका गव्हर्नरची गोष्ट वाचली. आधी अधिकारी असताना हा रशियन तोफेच्या तोंडाला छाती लावून उभा राहिला, शहर वाचवलं. गंगूबाई उसासा टाकून म्हणाली, "असा सरपंच आपल्याला कवा मिळायचा?"

सुमन शेजारीच बसलेली!

*

पुढं बादशहाविरुद्ध बंड झालं. गव्हर्नर म्हणाला, आजपासून मी क्रांतीचा. कचेरी तीच, खुर्ची तीच. मग क्रांती झाल्यासारखं दिसावं, म्हणून त्यानं बांबूनं छपराची चार कौलं पाडायला लावली म्हणे! नव्या राज्यात मंत्रीही झाला.

त्याच आठवड्यात पंचायतीतले आमचे तात्या सुमनचं पॅनेल सोडून समोरच्या पॅनेलमध्ये गेले. मी भर चौकात विचारलं, "तात्या, कौलं किती पाडली?" महिनाभर ते त्या रस्त्यानं आले नाहीत.

*

म्हातारपणी गव्हर्नर राजकारण सोडून बौद्ध भिक्खू झाला. सुमन बौद्धवाड्यातली. ती ऐटीत म्हणाली, "शेवटी आमच्यातच आला म्हणायचा."

*

निवडणुकीत सुमनचं पॅनेल पडलं. नवे सरपंच खोली बघायला येणार, तिथं खताचं गोडाऊन करायचं त्यांच्या मनात आहे, असं कानावर आलं. मी कुणाला विचारलं नाही. स्टुलावर चढले, सुमनचा फोटो उतरवला, कपाटामागं सरकवला.

सरपंच आले, भिंती बघितल्या, चहा घेतला. "बसा मावशी, खोली तुमचीच," म्हणाले. मी हात जोडले. जरा वाकलेसुद्धा.

दुपारी सुमन आली, नेहमीच्या जागी बसली. फोटोच्या जागी भिंतीवर पांढरा चौकोन उरला होता. तिकडं बघत तिनं पदरानं चष्मा पुसला. मी घाईनं पुस्तक उघडलं.

"व्हय गं अक्का," ती म्हणाली, "कौलं किती पाडली?"