दूध संघातला गाणारा मॉनिटर

दुधाचे कॅन रोज धुऊन पालथे घालता येतात. किश्श्यांचं तसं नसतं, ते साचतच जातात. तेलगावहून बीडला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका छोट्या दूध संघात मी क्लार्क होतो. दुष्काळाच्या एका वर्षी आमच्याकडे दूध आटलं आणि किश्श्यांना मात्र असा काही पान्हा फुटला की विचारू नका!

*

आमचा कॉम्प्युटर ऑपरेटर दिगंबर. कुणी किती लिटर दूध घातलं, त्याला फॅट किती लागली, हे सगळं तो कॉम्प्युटरमध्ये भरायचा. दूध कमी झाल्यावर काम दुपारीच संपू लागलं. मग रिकामपणचा उद्योग म्हणून पठ्ठ्यानं बीडच्या सायबर कॅफेतून एक प्रोग्राम आणला. तो सुरू केला की मॉनिटरवर काळे-पांढरे पट्टे थरथरायचे, त्यातून म्हणे लहरी सुटायच्या आणि शेजारच्या रेडिओत पिपाणीसारखी चाल वाजायची.

आमचे वॉचमन मारुतीमामा टेबलाशी बसून बातम्या ऐकत होते. पावसाचा अंदाज सांगता सांगता रेडिओ एकदम वरातीची चाल वाजवायला लागला. मामांनी त्याला दोन चापट्या मारल्या. दिगंबरनं मॉनिटर बंद केला, चाल थांबली. चालू केला, चाल सुरू. मामा उठले आणि मुकाट्यानं चपला बाहेर काढून आले.

"आधी सांगायचं न्हाई का बे? देवासमोर पायताण घालून बसलोय मी."

*

ही गोष्ट चेअरमन नानांच्या कानावर गेली. नानांना वाटलं, संघाला रेडिओ स्टेशनच मिळालं! दिगंबरनं परोपरीनं सांगितलं की लहरी चार हातांपलीकडे जात नाहीत आणि त्यातून नुसती चाल वाजते, माणसाचा आवाज जात नाही. नाना ऐकतात कुठले? दुसऱ्या दिवशी कडक इस्त्रीचे कपडे घालून आले आणि मॉनिटरसमोर उभं राहून चारा छावणीवर दणदणीत भाषण केलं. मामा रेडिओ घेऊन बाहेर लिंबाखाली बसले होते. रेडिओत नुसती खरखर चाललेली.

नानांनी बाहेर येऊन विचारलं, कसं काय आलं?

"भाषण न्हाई आलं नाना," मामा म्हणाले, "पण टाळ्या लई आल्या."

*

त्याच आठवड्यात नानांनी ठरवून टाकलं की दूधच नाही तर ऑपरेटर पोसायचा कशाला. महिन्याच्या बैठकीत दिगंबरला कमी करायचा विषय ठेवला. दिगंबरच्या शेतात त्या वर्षी पेरलेलं उगवलंच नव्हतं. घरात खाणारी तोंडं बरीच आणि कमावता हा एकटा. त्यानं तो प्रोग्राम लावणंच सोडलं. पट्टे बंद झाले. मला फार वाईट वाटत होतं, पण क्लार्कचं कोण ऐकतो?

*

मामांना मात्र राहवेना. सकाळी दूध घालायला रांग लागली की ते कुणालातरी सहज बोलल्यासारखं सांगायचे की कॉम्प्युटरात जे भरलंय ते आता रेडिओवर वाजतं. मग कॉम्प्युटरात काय भरलंय, असा प्रश्न यायचा. मामा थंडपणे सांगायचे, "तुमची फॅट."

रांगेतल्या भल्याभल्यांचे चेहरे उतरले. दुधात पाण्याचा हात कुणाचा किती सैल, ते गावभर वाजणार! एकजण घाबरत घाबरत दिगंबरला विचारायला आला, नावानिशी वाजतं का? कितीतरी दिवसांनी दिगंबरच्या डोळ्यांत जुनी चमक दिसली.

"अजून नावं नीट ऐकू येत न्हाईत," तो म्हणाला. "खटपट चालू हाय."

*

दुसऱ्या दिवशी दूध आणखी कमी आलं आणि फॅट चढली! बहुतेकांची जनावरं छावणीत, वाळल्या कडब्यावर, आणि फॅट अशी की ऐन श्रावणातसुद्धा कधी लागली नव्हती. फॅट बघणाऱ्याला वाटलं मशीनच बिघडलं. त्यानं ते धुऊन पुन्हा पाहिलं. आकडा तोच.

संध्याकाळी मामा म्हणाले, "पाण्याचा टँकर रोज कशापायी पुरत नव्हता, ते आत्ता कळलं."

*

बैठकीचा दिवस उजाडला. दिगंबर बाहेर बाकड्यावर मान खाली घालून बसलेला. विषय निघाला तसे नाना खाकरले आणि म्हणाले की जमाना कॉम्प्युटरचा आहे, पोराला राहू द्या. सगळ्या संचालकांनी भराभर माना डोलावल्या. का, असं एकानंही विचारलं नाही. मी बाहेर येऊन दिगंबरला सांगितलं, तेव्हा त्याला खरंच वाटेना.

सगळे पांगल्यावर नाना एकटेच परत आले. दार लोटून घेतलं. दिगंबर कॉम्प्युटरशी येऊन बसला होता. मीही टेबलाशी होतोच, पण माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. बराच वेळ ते मॉनिटरकडे बघत राहिले. मग खिडकीतून बाहेर, समोरच असलेल्या आपल्या गोठ्याकडे पाहिलं. मग दिगंबरच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुझी नोकरी पक्की," नाना हळूच म्हणाले. "फकस्त ह्याचं तोंड आमच्या गोठ्याकडं हाय बघ. तेवढं भिंतीकडं फिरव."