छबुबाईचा खांदा

घाटनांदूरची बायकांची दूध संस्था छबुबाईनं उभी केली होती. दोन हजार सोळाच्या दुष्काळात विहिरी आटल्या, लोक मिळेल त्या भावात जनावरं विकायला लागले, तेव्हा ती सगळ्या बायकांना घेऊन चारा छावणीत गेली आणि संस्थेचं दूध तिथूनच गोळा करू लागली.

पण त्या उन्हाळ्यात ती स्वतःच खचत चालली. डावा खांदा सारखा ठणकायचा. धार काढताना डाव्या हाताची बोटं चालायची नाहीत. झोप लागायची नाही, सकाळी अंगात त्राण नसायचं आणि काही कारण नसताना डोळे भरून यायचे. एका डॉक्टरनं मलम दिलं. दुसरा म्हणाला, "वय झालं, त्यात दुष्काळाचं टेन्शन." घरच्यांना ते पटलं. तिलाही पटलं.

संस्थेची सचिव जैनबबी छावणीत शेजारीच असायची. तिला छबुबाई एकदा म्हणाली, "चेअरमनकी सोडते मी."

"कावून?"

"मनच लागंना कशात. जीव लई थकलाय गं."

जैनबबीनं वाद घातला नाही. गुपचूप तिच्या म्हशीचीही धार काढायला लागली.

छबुबाईचा धाकटा भाऊ सुंदरराव माजलगावला साखर कारखान्यात होता. त्याचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवला तरी कापायचा. ते चारचौघांना दिसत होतं, म्हणून पोरांनी त्याला लगेच अंबाजोगाईच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पार्किन्सन निघाला. पुढच्या तपासणीला सोबत म्हणून छबुबाई गेली.

भावाची चिठ्ठी घ्यायला ती उठली, तशा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, जरा दारापर्यंत जाऊन परत या बरं."

ती चालली. उजवा हात चालण्याबरोबर हलत होता, डावा मात्र अंगाला चिकटल्यासारखा तसाच. बाईंनी तिचं मनगट वळवून पाहिलं, बोटं उघडमीट करायला लावली, खांद्याचं, झोपेचं, मनाचं सगळं विचारलं.

"तुम्हालाही तोच आजार आहे, मावशी."

"पर माजा हात कुठं कापतोय?" छबुबाई म्हणाली.

"प्रत्येकाचा कापतोच असं नाही. बायकांमध्ये दुखणं, थकवा, उदासी जास्त दिसते. मग लोक म्हणतात वय झालं, काळजी करते. ओळखायला उशीर होतो."

छबुबाईला रडू फुटलं. सुंदरराव घाबरला. "आक्का, रडू नको. गोळ्यांनी मला आराम हाय."

"त्याचं न्हाई रं," ती म्हणाली. "मला वाटलं मीच आळशी झाले."

बाईंनी गोळी कमी मात्रेनं सुरू केली. बायकांचं अंग या गोळीनं पुढं काही वर्षांनी आपोआप वळवळायची शक्यता जास्त असते, म्हणून हळूहळू वाढवू, असं समजावून सांगितलं. मनासाठीही औषध दिलं. आजार जाणार नव्हता, पण काही आठवड्यांत खांदा सैल झाला, झोप यायला लागली.

संस्थेच्या वार्षिक सभेत छबुबाईनं उभं राहून सगळं सांगितलं. आजारानं आवाज बारीक झाला होता, म्हणून बायका पुढं सरकून बसल्या.

"मला पार्किन्सन हाय. काम हळू व्हईल. चालत आसंल तर ऱ्हाते, न्हाईतर दुसरी नेमा."

"हळू तर हळू," जैनबबी म्हणाली. "आमी बी कुठं पळतोय?"

सभा हसली आणि छबुबाईच चेअरमन राहिली. त्यानंतर कुणी बाई दुखतंय म्हणाली, की ती तिला घरी परत पाठवत नसे. थेट अंबाजोगाईच्या गाडीत बसवी. पहिली गेली मुक्ताबाई, सोबतीला छबुबाई. तिच्या अंगात नुसतं रक्त कमी निघालं. परतताना दोघींनी स्टँडवर भजी खाल्ली, आणि मुक्ताबाई गावापर्यंत सगळ्या गाडीला सांगत आली, "मला काय बी झालेलं न्हाई!"