पार्कच्या फाटकावरचा नारळ

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. दूधवाल्याचं माप, गॅसचं सिलिंडर, औषधाच्या पट्टीवरची तारीख, कशावरही माझा चटकन विश्वास बसत नाही. झाशीत रेल्वेच्या कार्यालयात मी कारकून आहे. दिवसभर लोकांचे कागद तपासून माणूस असाच होतो, असं मी म्हणतो. बायको म्हणते, कागद बिचारे काय करतील.

लग्नानंतर दोन महिन्यांनी आम्ही दोघंच पहिल्यांदा बाहेर पडलो. घरात सांगितलं होतं, जेजुरीला जातोय. आमचं कुलदैवत खंडोबा, पण झाशीत रुजलेल्या आमच्या घरातून दोन पिढ्यांत कुणी तिथं गेलं नव्हतं. बाबा दरवर्षी ‘पुढच्या वर्षी’ म्हणायचे आणि तसेच गेले. आईचे गुडघे आता पायऱ्या चढू देत नाहीत. म्हणून तिनं लग्नाच्या दिवशी लाल फडक्यात एक नारळ बांधून देवघरात ठेवला होता. रोज त्याला हळदकुंकू. निघताना तो सुनेच्या हातात देत ती म्हणाली, ‘हा माझ्याकडून वाहा. तोवर जमिनीला टेकू देऊ नकोस.’

मी मात्र वेगळाच बेत केला होता. पुण्याला उतरायचं, आधी एक दिवस थीम पार्क, मग देव. बायको साताऱ्याची. कॉलेजात तिच्या मैत्रिणी त्या पार्कात जाऊन आल्या, हिला घरून सोडलं नव्हतं. तिथल्या उंच रोलर कोस्टरवर एकदा बसायचं, एवढंच तिनं माझ्याकडे लग्नात मागितलं होतं. देवाआधी मौज आईला रुचणार नाही म्हणून हे तिच्यापासून लपवलं. बायकोलाही गप्प राहायला सांगितलं.

प्रवासासाठी मी झाशीच्या इलाइट चौराह्यावरच्या दुकानातून साखळी आणि दोन कुलपं आणली होती. ‘भैया, मज़बूत है न?’ असं तीनदा विचारून. गाडीत बॅग बर्थला जखडली आणि निवांत झालो. पण रात्रभर वरच्या बर्थवर बायको फोनवर काहीतरी लिहीत होती आणि हसत होती. मी मान वर केली की फोन उपडा. ‘कोण आहे?’ विचारलं, तर म्हणाली, ‘कुणी नाही हो, झोपा.’ कुणी नाही, तर हसू कशाचं? माझी झोप तिथंच उडाली.

स्टेशनवरून आम्ही बॅगेसकट थेट पार्कात गेलो. फाटकावर गार्डनं बॅग उघडली आणि नारळ बाहेर काढला. ‘बाहेरचं खाणं आत चालत नाही.’ मी सांगितलं, खाणं नाही, देवाचा आहे. तो म्हणाला, ‘साहेब, फोडला की खाणंच ना?’ मागे रांग वाढली होती, उन्हानं डोकं तापलं होतं. मी म्हणालो, ‘ठेवा तुमच्याकडे, जाताना नेऊ.’ त्यानं तो टेबलाखाली, लोकांकडून काढून घेतलेल्या बाटल्या आणि वेफर्सच्या पुड्यांत सारला. आत जाताना बायको वळून-वळून मागे बघत होती. ते मी पाहिलं, पण मला वाटलं, ती गर्दीत कुणाला तरी शोधतेय.

आत मी प्रत्येक पाळण्याचे बोल्ट न्याहाळले. दोघांचे फोन लॉकरमध्ये ठेवले, किल्ली माझ्या मनगटाला. रोलर कोस्टरच्या रांगेत तास गेला. पुढं जेमतेम दहा माणसं उरली आणि बायको म्हणाली, ‘मी आलेच, तुम्ही थांबा.’ गेली ती गेलीच. आमची पाळी आली आणि गेली. पाऊण तास झाला. जिच्यासाठी एवढं केलं, ती नेमकी आत्ताच कुठं जाते? रात्रीचं ते हसू डोक्यात घुमायला लागलं. मी लॉकर उघडला. तिच्या फोनला कुलूप नव्हतं. मी वाचायला लागलो.

सगळे निरोप आईचे होते. मी आईला हिंदीत दोन शब्द लिहितो. हिच्याशी आई लांबच लांब मराठीत लिहीत होती, मी लहानपणी तूप चोरून कसा खायचो तेसुद्धा. हिनं लिहिलं होतं, ‘आई, आधी पार्कात जातोय. तुम्हाला माहीत नाही असं त्यांना वाटतंय.’ आईचं उत्तर, ‘जा गं. त्याला कळू देऊ नकोस, हिरमुसेल.’ शेवटचा निरोप नुकताच आलेला, तिनं न उघडलेला. मी उघडला. ‘नारळ सांभाळते आहेस ना?’

मी फाटकाकडे धावलो. गार्डच्या टेबलाशेजारी एका पालथ्या क्रेटवर ती बसली होती, मांडीवर लाल फडकं. गार्ड म्हणाला, ‘ताई ऐकेनात. नारळ आत नेता येत नाही, आणि खाली ठेवू देत नाहीत.’ मी म्हटलं, ‘मी धरून बसतो, तू जाऊन ये.’ ती म्हणाली, ‘आता पुन्हा तासाची रांग. राहू दे.’ मला स्वतःची लाज वाटली. पण फोनबद्दल मी बोललो नाही. चोराच्या मनात चांदणं, तसा दिवसभर तिच्या पुढं-पुढं करत राहिलो.

दुसऱ्या दिवशी जेजुरी. नव्या नवऱ्यानं बायकोला उचलून पाच पायऱ्या चढायच्या, अशी तिथली रीत. तिच्या हातात नारळ, म्हणून तिचा फोन माझ्या शर्टाच्या खिशात. मी तिला उचललं. लोक हसत होते, भंडारा उडत होता. चौथ्या पायरीवर ती माझ्या कानाशी हळूच म्हणाली, ‘आईंचा शेवटचा निरोप मी उघडला नव्हता. काल फोन हातात आला, तर तो वाचलेला होता.’

मला पुढचं पाऊल टाकता येईना.

‘चला,’ ती म्हणाली, ‘एक राहिलीय. आणि मला पाडू नका, नारळ आहे हातात.’